बडग्याचं पोट

माणसाचा पुतळा उभा राहतो तो मेल्यावर, आणि तोही त्याने हयातीत काही दिवे लावले असतील तर. ताराचंद बावणेचा पुतळा मात्र तो जिवंत असताना एका रात्रीत उभा राहिला. त्याने तो पाहिला नागपूरच्या वेशीवरच्या वाडीत, एका भाड्याच्या खोलीत, मित्राच्या तडकलेल्या मोबाइलवर. हातठेल्यावर बसवलेलं दोन माणसं उंच धूड, नगाऱ्याएवढं पोट, आणि वर ताराचंदचा चेहरा. त्याच्या लग्नातल्या फोटोवरून तो कोणीतरी हुबेहूब काढला होता. गळ्यात चपलांची माळ होती आणि छातीवर पाटी होती : ‘बायकोचा खुनी’.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत मारबतींचे पुतळे निघतात आणि त्यांच्या मागे बडगे. बडग्या म्हणजे बांबू, कागद आणि तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, पुतळा. वर्षभरात ज्याचा राग आला त्याचं तोंड त्याला लावायचं, शिव्या घालत फिरवायचं आणि शेवटी पेटवून द्यायचं. ताराचंदच्या मोहल्ल्याचा, चिंचपुऱ्याचा, यंदाचा बडग्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचा व्हायचा होता. पण खड्ड्यांना शिव्या देऊन देऊन लोकांचं तोंड दुखलं होतं, आणि पोळ्याच्या दुपारी मोहल्ल्याला जिताजागता राक्षस सापडला.

“बंद कर ते,” संघपालने मोबाइल हिसकावून घेतला. संघपाल वाडीच्याच एका गोदामात हमाली करायचा. ताराचंदच्या गाडीत माल चढवता-उतरवता दोघांची दोस्ती झाली होती. काल संध्याकाळी रक्ताने माखलेला ताराचंद दारात उभा राहिला तेव्हा त्याने एकही प्रश्न न विचारता आधी पाणी तापवलं होतं. “कायले पाहून राहिला स्वतःची बदनामी? चाल, पोलिसात हजर होऊ. माझा मामेभाऊ वकील आहे.”

“अन् पंचफुलेले कोण शोधीन?” ताराचंदने विचारलं.

पंचफुला, म्हणजे ताराचंदची बायको, मेली असं सगळा मोहल्ला म्हणत होता, पोलीस म्हणत होते, आणि आता संघपालही मनात तेच म्हणत असणार. प्रेत मात्र कोणालाच सापडलं नव्हतं. त्या एका गोष्टीला ताराचंद दातांनी धरून बसला होता. ती जिवंत असेल तर तिच्यापर्यंत पोचायचं, बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

काल काय झालं ते त्याने रात्रभर उलटून पालटून पाहिलं होतं. तो अमरावती रोडवरून गाडी खाली करून दुपारी घरी आला. दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात पुरणाची कढई पालथी पडली होती, आणि फरशीवर रक्त होतं, बाईच्या पायांनी घसटत गेलेलं, मागच्या दारापर्यंत. शेजारी पावशी पडली होती, भाजी चिरायची, पात्याला रक्त लागलेली. ताराचंद शहाणा असता तर त्याने तिला हात लावलाच नसता. पण बायकोचं रक्त बघून शहाणपण सुचेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्याने पावशी उचलली, आणि नेमकी तेव्हाच पुरणपोळीचं ताट घेऊन शेजारची मीराबाई दारात आली.

“धावा वं बाई! ताराचंदनं बायको कापली!”

मोहल्ला धावला. सगळ्यांच्या पुढे मनोहरराव. मनोहररावांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, मोहल्ल्यात शब्दाला वजन, बडग्याच्या मंडळाचे तेच प्रमुख. त्यांनी ताराचंदला केसांना धरून रस्त्यावर ओढलं आणि पहिली लाथ त्यांनीच घातली. मग लाथांना हिशोब राहिला नाही. ज्यांच्या घरी तो दिवाळीचा फराळ खायचा ते लोक त्याच्या बरगड्यांवर नाचत होते. कोणी विटेने त्याचे दोन दात पाडले. कोणी दोर आणला. विजेच्या खांबाला बांधून जाळायचीच बात चालली होती. तेवढ्यात पोरांनी लावलेल्या फटाक्यांच्या लडीने पोळ्याला सजवून आणलेली बैलजोडी बिथरली आणि शिंगं खाली घालून गर्दीत घुसली. माणसं उधळली. ताराचंद नाल्यात उडी मारून पळाला, आणि पळाला म्हणजे खुनी हे सगळ्यांच्या लेखी पक्कं झालं.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. पण चोर कोण, हे संन्याशाला कळलं होतं. केस धरणाऱ्या मनोहररावांच्या दुसऱ्या हाताला, कोपराखाली, दुपट्टा गुंडाळलेला होता, आणि तो ओला लाल होता. कोणी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, बांबू लागला. ताराचंदच्या कानात मात्र पंचफुलेचं महिन्याभरापूर्वीचं बोलणं वाजत राहिलं. भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता ती बोलली होती.

“त्या मनोहरकाकाची नजर मले बरी नाई वाटत. तुम्ही गाडीवर गेले का येते काही न काही निमित्त काढून.”

“अवं, बापाच्या वयाचे आहेत ते,” तो हसला होता.

“बापाच्या वयाचा आहे, बाप नाई,” ती म्हणाली होती आणि तिने तवा आपटला होता. त्या हसण्याबद्दल आता ताराचंदला स्वतःचं तोंड फोडून घ्यावंसं वाटत होतं.

“तिनं पावशी चालवली त्याच्यावर,” तो संघपालला म्हणाला. “म्हणून हात बांधला आहे त्यानं. मागच्या बोळीतून त्याचं गोदाम दहा पावलं नाई. तिथीच असीन ती. आज सगळा मोहल्ला बडग्यामागं जाते. गोदामात कुत्रं नसते.”

“अन् वळखलं तर? जित्ता जाळतीन तुले. पुतळा तयारच आहे त्याईचा.”

“म्हणून तर जातो. आज सगळे मले पाहून राहिले, पण ठेल्यावर.”

संघपालने डोकं धरलं. “मी तुमच्या त्या बडग्या-फिडग्यात कधी जात नाई,” तो पुटपुटला, पण त्याने मोटरसायकलची किल्ली घेतली. नाल्याच्या पुलावर थांबीन, तू परत नाही आलास तर मी पोलीस घेऊन आत येईन, हे त्याने सांगूनच टाकलं. बडग्यापुढे नाचणारी पोरं तोंडाला काजळी आणि तेल फासतात. ताराचंदनेही तव्याच्या बुडाची काजळी कपाळापासून गळ्यापर्यंत फासली, डोक्याला फडकं बांधलं आणि सुजलेला डोळा त्याखाली झाकला.

चिंचपुऱ्यात शिरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. डीजेच्या भिंतींनी घरांची तावदानं थरथरत होती. चौकात ठेल्यावर तो स्वतः बसला होता. खाली काळ्या तोंडाची पोरं नाचत होती, बायका ओट्यांवरून चपला फेकत होत्या, आणि प्रत्येक चप्पल बसली की टाळ्या पडत होत्या. बंदोबस्ताचे पोलीस सगळे मोठ्या मिरवणुकीकडे गेले होते.

चिंचपुऱ्याची आपली एक रीत आहे, दुसऱ्या कुठल्या मोहल्ल्यात नाही. बडग्याचं पोट भरायचं ते मंडळाच्या प्रमुखानं, एकट्यानं, दार लावून. आणि बडग्या हलण्याआधी घरटी एकानं त्या पोटात काठी हाणायची. म्हणजे त्या घरचं वर्षभराचं दुखणं बडग्याच्या पोटात जातं आणि त्याच्यासोबत जळतं. ज्या घरची काठी पडली नाही त्या घरी दुखणं मुक्कामाला राहतं, असं म्हणतात. त्यामुळे डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणारी माणसंही इथे रांगेने येतात.

यंदा तर चेवच वेगळा होता. काठी बसली की बडग्याच्या पोटातून लाल पाणी झिरपत होतं.

“मनोहरकाकानं आत रंगाच्या पिशव्या ठेवल्या!” पोरं ओरडत होती. “रक्त येऊन राहिलं, रक्त! काय डोकं चालवलं काकानं!”

मीराबाई पुढे आली. गुडघ्यांनी अधू, एरवी भिंत धरून चालणारी बाई. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी काठी घातली. “माह्या लेकीसारखी होती रे, मुडद्या!” ती रडत म्हणाली, आणि ते रडणं खरं होतं. बडग्याचं डोकं लटपटलं.

“हालला! हालला!” लोक खिदळले.

ताराचंद भिंतीच्या कडेकडेने बोळीकडे सरकत होता. आपल्या नावाने चाललेला शिमगा तो ऐकत होता, आणि बोळी हाताच्या अंतरावर आली होती. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर जड हात पडला.

“कोण्या घरचा आहे गा तू?”

मनोहरराव. पांढरा सदरा, कपाळाला गुलाल, कोपराखाली नवी पट्टी. ताराचंदने नुसतं नाल्यापलीकडे बोट दाखवलं.

“पाव्हणा आहे वाटते,” मनोहरराव लोकांकडे वळून म्हणाले. “पाव्हण्याच्याही घरचं दुखणं जाते. घे, हान.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने काठी त्याच्या मुठीत दिली.

गर्दीने वाट केली. आता नाही म्हणणं म्हणजे फडकं सोडून तोंड दाखवणं. ताराचंद स्वतःच्या पुतळ्यासमोर उभा राहिला. वरून त्याचेच डोळे त्याच्याकडे बघत होते, लग्नातले, हसरे. त्याने काठी हलकेच मारली.

“हे काय बे! बायकोले गोंजारून राहिला का? बोल मोठ्यानं, अन् हान!”

“नाव घे! नाव घेऊन हान!”

पळालेल्या माणसाला एकच अक्कल असते : लोकांसारखं दिसायचं. ताराचंदने काठी डोक्यावर नेली आणि जीव तोडून ओरडला, “ताराचंदाले घेऊन जा गे मारबत!” आणि त्याने काठी अशी घातली की त्याच्या स्वतःच्या मोडक्या बरगड्या कळवळल्या. त्या दणक्यात त्याने कालच्या सगळ्या लाथा घातल्या होत्या, मनोहररावांचा खांद्यावरचा हात घातला होता, पंचफुलेच्या बोलण्यावर हसणारा तो मूर्ख नवराही घातला होता. काठी कागदातून आत गेली आणि कशाला तरी लागली. काहीतरी कडकन मोडलं. बांबू असेल. लाल पाणी त्याच्या मनगटापर्यंत उडालं, आणि ते कोमट होतं. ऊन किती तापलंय, असं त्याच्या मनात आलं आणि निघूनही गेलं.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मनोहररावांनी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. ठेला हलला, गर्दी मैदानाकडे वाहू लागली, आणि ताराचंद बोळीत शिरला.

गोदामाच्या मागच्या पत्र्याच्या दाराला नुसती कडी होती. आत मंडपाच्या पडद्यांचे गठ्ठे, बांबूंच्या थप्प्या, खुर्च्यांचे मनोरे. तो दबक्या आवाजात तिचं नाव घेत एकेक गठ्ठा उलटत गेला. कोपऱ्यात, जिथे बडगे बांधतात, तिथे जमिनीवर वाळलेल्या रक्ताचं थारोळं होतं. त्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते आणि केसांचा पिंजारलेला पुंजका. लाल-पांढऱ्या पडद्याची एक पट्टी फाडून घेतलेली होती. म्हणजे तिला इथेच आणलं होतं. पण ती नव्हती.

ताराचंद तिथेच बसला. मग त्याची नजर समोर गेली. समोर तणस होतं. छपरापर्यंत रचलेलं. बडग्याच्या पोटाचं तणस दरवर्षी तोच आपल्या गाडीतून आणून टाकायचा, यंदाचंही परवाच टाकलं होतं. ते सगळं पोटात जातं, वर कमीच पडतं, मनोहरराव ओरडून आणखी मागवतात. आणि आज ते जसंच्या तसं इथे होतं. वरच्या एक-दोन पेंढ्या तेवढ्या काढलेल्या.

मग बडग्याचं पोट कशानं भरलं?

त्याने आपल्या मनगटाकडे पाहिलं. लाल रंग वाळून तपकिरी झाला होता, आणि त्यावर माशी बसली होती. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाही ओळखू आला नाही.

“समजलं वाटते,” मागून कोणी म्हणालं.

मनोहरराव दारात उभे होते. एका हातात पेट्रोलची कॅन, दुसऱ्या हातात मंडपाचे खड्डे खणायची पहार. “मी तुले तोंडावरून नाई, चालीवरून वळखलं,” ते शांतपणे म्हणाले. “म्हणून तर काठी दिली. मेलेली आहे, तिले काय समजते. पण तुले हानतानी पाहून मले लय बरं वाटलं.”

ताराचंद बैलासारखा धावून गेला. डोकं मनोहररावांच्या पोटात बसलं आणि दोघं खुर्च्यांच्या मनोऱ्यावर कोसळले. त्याने त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताला दात लावले आणि पावशीने झालेली जखम उघडेपर्यंत सोडले नाहीत. मनोहरराव गुरासारखे ओरडले. त्याने त्यांचं नाक फोडलं, कान ओढला, डोळ्यांत बोटं घालायला गेला. पण तो कालपासून उपाशी, मार खाल्लेला, आणि समोरचा गडी उभं आयुष्य बांबू उचलून पोसलेला. पहार एकदाच फिरली. ताराचंदच्या डाव्या हाताचं हाड कोपराच्या वर मोडलं आणि हात भलत्याच दिशेला लोंबकळू लागला. दुसरा घाव गुडघ्यावर बसला.

“तुले मी नाई मारत,” मनोहरराव धापा टाकत, तोंडातलं रक्त पुसत म्हणाले. “तिले जाळून येतो, मग लोकायले सांगतो तू कुठी आहे ते. ते मारतीन. लोकायनं मारलं का कोणाले फाशी होत नाई.” त्यांनी कॅन उचलली आणि बाहेरून कडी घातली. कडीत पहार अडकवल्याचा आवाज आला.

माणसाच्या अंगात किती बळ असतं हे त्याचं त्याला ठाऊक नसतं. ताराचंद एका हाताने तणसावर चढला. गुडघा प्रत्येक वेळी आतून करकरत होता, आणि दोनदा त्याला भोवळ आली. छपराचा पत्रा गंजलेला होता. त्याने तो डोक्याने, खांद्याने रेटून वर उचलला, पत्र्याच्या कडेने पाठ मानेपासून कंबरेपर्यंत सोलून निघाली, आणि तो बोळीत पडला. उठला. लंगडत, भिंतींना आपटत मैदानाकडे निघाला. तिच्यावर काठी पडली तेव्हा रक्त कोमट होतं. मेलेल्या माणसाचं रक्त कोमट नसतं. एवढं एकच त्याच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

मैदान नाल्याच्या काठाला उतरतं. ठेला उताराच्या तोंडाशी उभा होता, चाकाला वीट लावलेला. मनोहररावांनी कॅन बडग्याच्या पायांवर रिकामी केली होती आणि कोणीतरी काडी ओढली होती. ज्वाळा त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आल्या होत्या. डीजे बेंबीच्या देठापासून बोंबलत होता.

“पोटात आहे ती! पोट फोडा! पोटात पंचफुला आहे!” ताराचंद ओरडला. पण त्याचा आवाज शेजारच्यालाही गेला नाही. शेजारच्याला दिसलं ते एवढंच : रक्ताने काजळी धुऊन निघालेला एक चेहरा, आणि तोच चेहरा वर ठेल्यावर.

“अबे, हा तर खरा बडग्या!”

मग जी काठी ज्याच्या हातात होती ती पडली. त्याच्या मोडक्या हातावर पडली, पाठीच्या उघड्या मांसावर पडली. कोणी त्याच्या कानशिलात नारळ घातला. तो खाली पडला आणि पायांच्या जंगलातून सरपटत राहिला. अंगठ्यावर कोणाची तरी टाच आली आणि नख उपटून गेलं. त्याला ठेल्याचं चाक दिसत होतं. चाकाजवळ पोचल्यावर त्याने वीट धरली आणि ओढली. नाही निघाली. पुन्हा ओढली, आणि वीट निघाली.

ठेला आधी करकरला, मग उतारावर धावला. जळता बडग्या डोलत, माणसांना बाजूला फेकत खाली गेला आणि नाल्याच्या काठावर उलटला. पोट फुटलं.

आतून लाल-पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेलं काहीतरी घरंगळत बाहेर आलं. पडद्यातून एक हात निसटला. त्या हातात दोन हिरव्या बांगड्या शाबूत होत्या. आणि तो हात मातीत बोटं रोवत होता.

डीजे कोणी बंद केला कोण जाणे. ताराचंद तिच्यापर्यंत सरपटत गेला, पडद्याला लागलेली आग त्याने उघड्या हाताने विझवली आणि तिच्या तोंडावरची गुंडाळी दातांनी सोडवली. डोकं फुटून रक्त केव्हाच वाळलं होतं. पण तोंडातून येणारं रक्त ताजं होतं, फेसाळ. तिचा श्वास आत जाताना फाटल्या कागदासारखा वाजत होता.

“मनोहर...” ती म्हणाली. ते पुढच्या सगळ्यांनी ऐकलं.

“हाव. समजलं मले. बोलू नको वं. मी आलो ना.”

“मी आवाज देऊन राहिली होती... कोणी ऐकलंच नाई.” तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या सुजल्या ओठांवर हसण्यासारखं काही आलं. “मंग तुमचा आवाज आला. तुम्ही ओरडले ना मोठ्यानं, ‘मारबत’ म्हणून? मले वाटलं, आले काढायले.”

ताराचंदने तिचं डोकं छातीशी धरलं. आपल्याला काय सांगितलं गेलं आहे ते त्याला हळूहळू समजत गेलं, आणि तो एखाद्या जनावरासारखा हंबरडा फोडून रडला. पुलावरून संघपाल पोलिसांना घेऊन पोचला आणि रुग्णवाहिका आली, तोवर पंचफुला गेली होती.

मनोहरराव गर्दीतून मागे सरकत होते. त्यांना कोणी सरकू दिलं नाही. ज्या काठ्या मघाशी पोटात पडल्या, ज्या ताराचंदवर पडल्या, त्याच आता त्यांच्यावर पडल्या, तेवढ्याच उत्साहाने. पोलिसांनी सोडवलं तेव्हा त्यांचा जबडा लोंबत होता आणि एक डोळा जागेवर नव्हता. ते जगले. जगून सगळं कबूल केलं, आणि ती मेलीच आहे असं मला वाटलं होतं, हेही शपथेवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या आवारात अर्धा चिंचपुरा उभा होता. ताराचंदला दवाखान्यातून आणलं होतं, हात गळ्यात बांधलेला, गुडघा लाकडासारखा ताठ. ठाणेदाराने त्याला खुर्ची दिली. काल ज्याला बेड्या घालायच्या होत्या त्याला आज पाणी विचारलं.

“तुमच्यावर आता काही नाही,” ठाणेदार म्हणाला. “जाऊ शकता. आम्हाला फक्त एक अडचण आहे. डोक्याच्या घावाने त्या गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, त्या घावातून वाचल्याही असत्या. बरगड्या मोडून फुप्फुसात घुसल्या. काठ्यांनी.” त्याने दारातल्या लोकांकडे पाहिलं. “काठ्या कोणी मारल्या?”

काल चौकाचौकांत ज्याचे त्याचे व्हिडिओ फिरत होते, कोणाची काठी किती खोल गेली त्यावर पैजा लागल्या होत्या. रातोरात सगळे मोबाइल कोरे झाले होते. एक म्हणाला, मी तर कामठीला सासुरवाडीला होतो. दुसऱ्याचा हात दुखत होता. मीराबाई म्हणाली, “मी कुठी जातो साहेब, माहे गुडघे हे असे.”

“मी मारली,” ताराचंद म्हणाला.

ठाणेदाराने वर पाहिलं.

“मी मारली, साहेब. पहिली हळू, दुसरी जोरात. दुसरीनं काहीतरी मोडलं. आवाज आला होता मले.”

“अबे, चूप बस ना!” दारातून कोणी तरी दबक्या आवाजात ओरडलं. हेच लोक परवा त्याच्याकडून कबुली काढायला दोर घेऊन आले होते. मीराबाई धडपडत आत आली आणि चक्क त्याच्या पायाशी बसली. “ताराचंद, बाबू, काही बोलू नको गा. तुह्या पाया पडतो. तुले कोणी काही म्हणलं का? तू तर सुटला ना. मोहल्ल्यात लेकरंबाळं आहेत सगळ्याईची.”

“हाव, सुटलो,” तो म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं, रागाने नाही, खूप थकून. ती त्याच्या लेखी वाईट बाई नव्हती. पंचफुलेसाठी ती खरंच रडली होती.

मग तो खुर्ची सोडून उठला आणि भिंतीला लागलेल्या आरोपीच्या बाकावर जाऊन बसला.

“लिहा साहेब,” तो म्हणाला. “माह्या आधी मीराबाईची होती.”